स्टोव्हच्या पिनेचं मोडकं टोक

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. कागदाला लावायची नव्हे, पदराला टोचायची नव्हे, स्टोव्हची पिन. बोटभर पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला केसाएवढी बारीक तार, एवढाच माझा देह होता. होता म्हणते, कारण तार आता माझ्याजवळ नाही. आज मी नुसती पट्टी आहे आणि एका लाकडी पेटीत बटणं, सुया आणि तुटक्या बांगड्यांच्या संगतीत पडून आहे. बटणांना अक्कल नसते, त्यामुळे इथे बोलायला कुणी नाही. तुम्हाला ती असेल असं धरून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाला कारागीर प्रत्येक पिनेची तार भिंगाखाली धरून बघायचा आणि जराशी वाकडी दिसली तर बाजूला टाकायचा. माझ्याकडे इतकं निरखून बघणारं माणूस पुढे सगळ्या आयुष्यात मला एकदाच भेटलं. ते कोण, हे सांगेनच. आधी मूर्खांची हजेरी घेऊ द्या, कारण ते पुष्कळ होते.

कारखान्यातून मला एका खोक्यात घातलं. खोक्यात पितळेचा झगझगीत स्टोव्ह होता, एक लांब दांड्याची चावी होती आणि तेलकट कागदाच्या पुडीत एक जादा निपल होतं. निपल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायलाच हवं. स्टोव्हच्या टाकीत राकेल असतं. पंप मारला की ते वर चढतं, तापलेल्या डोक्यात त्याची वाफ होते आणि ती वाफ निपलच्या भोकातून जोराने बाहेर पडून निळी जळते. निपल शेंगदाण्याएवढं, पितळेचं, सहा कोनी असतं. त्याचं भोक इतकं बारीक की मुंगीचा पायही आत शिरणार नाही. सगळा स्टोव्ह त्या भोकावर चालतो. त्यात काजळी बसली की माझी तार हलकेच आत घालायची आणि सरळ बाहेर काढायची. भोक कामातूनच गेलं तर टाकीतली हवा सोडायची, चावीने जुनं निपल काढायचं आणि नवं बसवायचं. बस, एवढंच. पण त्यासाठी वस्तूकडे बघावं लागतं, आणि मी ज्या घरात येऊन पडले तिथे बघण्याची चालच नव्हती.

ते घर लिंबागणेशच्या विठ्ठलरावांचं. निजामाचं राज्य होतं. विठ्ठलरावांकडे भरपूर जमीन होती, एक पांढरी घोडी होती आणि गावात कुणाकडे नाही ते आपल्याकडे असावं अशी दांडगी हौस होती. हैदराबादेला एका लग्नाला गेले असता त्यांनी कुणाच्या तरी दिवाणखान्यात स्टोव्ह पाहिला आणि येताना आमचं खोकं घेऊनच आले. खोक्यात एक कागद होता. स्टोव्ह कसा पेटवायचा, कसा साफ करायचा, निपल कसं बदलायचं, सगळं त्यावर चित्रं काढून दाखवलं होतं. विठ्ठलरावांनी त्या कागदात तंबाखू बांधली. चावीचा दांडा लांब असल्याने ती त्यांना पाठ खाजवायला फार सोयीची वाटली. लोकांसमोर बैठकीत तिने पाठ खाजवत ते म्हणायचे, "विलायती चीज हाय. अशी खाज भागते म्हनता!"

मला त्यांनी बैठकीच्या भिंतीतल्या दिवळीत टाकलं. घरातली माणसं माझ्या पट्टीने पायातले काटे काढू लागली. विठ्ठलरावांचा मुलगा सुग्रीव जेवण झालं की माझ्याने दात कोरायचा. मी कशासाठी घडवले गेले होते आणि कुठे फिरत होते, हे आठवलं की अजून मला किळस येते.

जादा निपलचं नशीब त्याहून थोर. विठ्ठलरावांच्या पत्नी केशरबाई यांनी ती पुडी उघडली, तर आत सोन्यासारखं काहीतरी चमकलं. त्यांची लेक बायनाबाई बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिचं बाळ, बंकट, नुकतंच पालथं पडायला लागलं होतं. केशरबाईंनी निपलच्या गळ्यापाशी दोरा आवळला आणि ते बाळाच्या कमरेच्या काळ्या करगोट्यात बांधून टाकलं. "विलायती मनी हाय," त्या लेकीला म्हणाल्या, "लेकराला नजर लागायची न्हाई." निपलला सहा कोन का आहेत आणि मधोमध भोक का आहे, असं कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

तरीही सुरुवातीचे काही महिने स्टोव्ह चालला, कारण तो नवा होता. विठ्ठलराव स्वतः बैठकीत तो चौरंगावर ठेवून पेटवायचे. गावकरी ओट्यावरून माना लांब करून बघायचे. धूर नाही, फुंकणी नाही आणि निळी ज्योत! घरात त्याला सगळे इस्टो म्हणत, आणि त्याच्यापुढून जाताना केशरबाई हात जोडत. ही कीर्ती तहसीलदारसाहेबांपर्यंत गेली. दसरा झाल्यावर तुमच्याकडे इस्टोवरचा चहा प्यायला येतो, असा त्यांनी निरोप पाठवला. तेव्हापासून विठ्ठलरावांना जमिनीवर पाय ठेवणं जड जाऊ लागलं.

आणि त्या घरात रतनबाई आली.

ती सुग्रीवची बायको, माहेर गेवराईचं. लग्न वैशाखात झालं होतं आणि घट बसायच्या आधी ती नांदायला आली. तिने माप ओलांडलं तेव्हा केशरबाईंनी तिच्या पावलांना कुंकू लावलं, कपाळावर इतकं लावलं की भुवया झाकल्या, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लक्षुमी आली गं माज्या घरी!" त्यानंतर तिच्या तोंडाकडे कुणी नीट बघितलं असेल असं मला वाटत नाही. तिला पाणी भरायला, भाकरी थापायला आणि बाळाला न्हाऊ घालायला लावलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं आणि अवजारं पुजतात, हे तुम्हाला माहीतच आहे. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड यांची पूजा झाली, आणि केशरबाईंना वाटलं की इस्टोचा मान मोठा. त्यांनी तो चिंच आणि राखेने घासून लख्ख केला. राख आत गेली. मग हळद वाहिली, मग पाण्यात कालवलेलं कुंकू बोटाने अगदी टोकावर, म्हणजे नेमकं निपलवर थापलं. वर तुपाचा थेंब सोडला. सगळं भोकात उतरून वाळलं. मी दिवळीतून बघत होते. ज्याच्या नाकातून सगळा श्वास चालतो त्याचं नाक भक्तिभावाने बुजवून त्या बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि मला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली, बैठक भरली. सुनेच्या हातचा चहा पाजावा असं नेमकं त्याच दिवशी विठ्ठलरावांच्या मनात आलं. रतनबाईने डोईवरचा पदर सावरत राकेलात बुडवलेला काकडा पेटवला, इस्टोचं डोकं तापू दिलं आणि पंप मारला. फुस्स झालं, पिवळी जीभ बाहेर आली, काळा धूर निघाला आणि सगळं विझलं. तिने पुन्हा पेटवला. पुन्हा तेच.

"कावून पेटंना?" विठ्ठलराव ओरडले. "परवापावतर तर लई झकास चालला व्हता!"

"मी तं नुस्ता पंप मारला, मामंजी," रतनबाई म्हणाली.

केशरबाई आतून दाराशी आल्या. "हिचा हात लागला न्हाई तवर काई झालं न्हाई. हात लागला अन् इस्टो रुसला. आता मी काय म्हनू?"

काही म्हणायला नकोच होतं. भरल्या बैठकीने ते ऐकलं आणि दिवेलागणीच्या आत गावभर झालं. पंधरा दिवसांपूर्वीची लक्ष्मी पांढऱ्या पायाची ठरली. आणि हे ठरवणारीच्या बोटाला इस्टोचं कुंकू अजून लागलेलं होतं.

मग शहाणे कामाला लागले. केशरबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून इस्टोची दृष्ट काढली. विठ्ठलरावांनी गणपतीला नारळ बोलला आणि बाभळीचा एक लांब काटा निपलमध्ये खुपसला. काट्याचं टोक आत मोडलं. मग सुग्रीव पुढे झाला.

"बाबा, पिन घालून बगतो."

"बग बे. पन जोर लाव!"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामासाठी हातात घेतलं, आणि घेतलं ते त्या दात कोरणाऱ्या रेड्याने. मला हलकेच आत घालायचं असतं. त्याने मला खिळ्यासारखं दाबलं आणि वर पिळलं. आत काटा, राख, तूप आणि कुंकू यांचा दगड झाला होता. माझी तार कट्कन तुटली आणि आतच राहिली. सुग्रीवने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि मला परत दिवळीत फेकून म्हणाला, "पिनच खराब हाय."

दोन दिवस असेच गेले. तहसीलदारसाहेब यायचे होते आणि चौरंगावर मेलेला इस्टो बसला होता. शेवटी त्यांनी हुकूम सोडला, "गेवराईला सांगावा धाडा. भावानं येऊन हिला घिऊन जावं. सायबाच्या आदी ही घरातून जाया पायजे. सुग्रीवला दुसरी बगू." सुग्रीव खाली मान घालून भाकरी खात होता. तो खातच राहिला.

माहेरी परत पाठवलेल्या पोरीचं काय होतं, हे त्या काळी लहान पोरांनाही ठाऊक होतं. रतनबाई रडली नाही. निदान आमच्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली मोठी माणसं सुस्तावून पडली होती. रतनबाई परसात बंकटला न्हाऊ घालत होती. मला तिने पोराच्या तळव्यातलं कुसळ काढायला नेलं होतं, म्हणून मी तिथेच दगडावर होते. पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला. तिने बाळाच्या कमरेचा मणी दोन बोटांत धरला. तो फिरवून बघितला. कोन बघितले. मग उजेडाकडे धरून भोक बघितलं. असं बघणारं दुसरं माणूस मला भेटलं ते हे.

बाळाला तिने पाळण्यात टाकलं, मला कमरेला खोचलं, बैठकीत जाऊन इस्टोच्या डोक्यात वाकून बघितलं आणि परत आली. आता काय करायचं हे तिला कळलं होतं, पण करायला हात धजत नव्हता. दुसरीच्या लेकराचा नजरेसाठी बांधलेला करगोटा सोडायचा! कुणी पाहिलं असतं तर पांढऱ्या पायाची म्हणून नव्हे, चेटकीण म्हणून हाकलली असती. ती पाळण्याशी बसली. बाळाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "तुला काई व्हायचं न्हाई रे राजा. झालंच तं मला व्हईल." आणि तिने गाठ सोडली.

विठ्ठलराव आडवे झाले होते. उशाशी चावी होती. तिने ती उचलली. इस्टोची हवा आधी सोडली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण हवा भरलेल्या भांड्याचं तोंड उघडू नये इतकं तिचं तिला सुचलं. चावी निपलवर बसवून फिरवली. जुनं निपल निघालं. त्याचं तोंड लाल-काळं बुजलेलं होतं आणि कडेला माझ्या तारेची चकाकी दिसत होती. तिने त्याचा वास घेतला. बोटाने खरवडलं. कुंकू लागलं. तेव्हा मात्र ती एकदाच हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

नव्या निपलमध्ये बाळाच्या अंगाचं तेल आणि डाळीचं पीठ जाऊन बसलं होतं. तिने ते गरम पाण्यात घोळवलं. मग भोक मोकळं करायला तिने मला कमरेतून काढलं, माझं मोडकं टोक बघितलं आणि खाली ठेवलं. तिथून ती उठली, गोठ्यात गेली आणि पांढऱ्या घोडीच्या शेपटीचा एक केस उपटून आली. तो केस निपलमध्ये सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. माझ्या कारखान्यात हे कुणाला सांगितलं असतं तर मला वितळवलं असतं. घोडीचा केस! पण काम झालं, हे मला कबूल केलं पाहिजे.

नवं निपल इस्टोला बसलं. जुनं तिने धुऊन पुसून करगोट्यात होतं तसं बांधलं आणि बाळाच्या कमरेला घातलं. दिसायला दोन्ही सारखीच. संध्याकाळी केशरबाईंनी बाळाला मांडीवर घेऊन त्या मण्याला हात लावला आणि नमस्कार केला.

रतनबाई कुणाला काही बोलली नाही. कुणी ऐकलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेबांचा छकडा दारात आला. त्याच्यामागोमाग रतनबाईच्या भावाची, आसारामची, बैलगाडीही येऊन उभी राहिली. तिला साहेबाच्या आधी घालवायचं ठरलं होतं, पण गेवराईचा रस्ता चिखलाचा होता. विठ्ठलरावांनी आसारामला परसाच्या दाराने आत घ्यायला सांगितलं आणि साहेबांना बैठकीत बसवलं.

"इस्टो किधर है, विठ्ठलराव?" साहेबांनी हसत विचारलं.

विठ्ठलरावांना घाम फुटला. गणपतीचा नारळ सकाळीच फोडून झाला होता. त्यांनी हात जोडले, काकडा पेटवला, पंप मारला आणि तोंड फिरवलं. इस्टो घुमायला लागला. निळी, गोल, स्वच्छ ज्योत.

आणि आता ऐका, माणसं कशी असतात ते. केशरबाई दाराआडून पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बगितलं का? तिचा हात लागला न्हाई अन् गणपती पावला. आजच जाऊ द्या तिला." विठ्ठलरावांनी मान हलवली. म्हणजे जिने तो जिवंत केला, तिच्याविरुद्ध त्याच्या निळ्या ज्योतीचीच साक्ष काढली. मला तार असती तर त्या दिवशी मी कुणालातरी टोचले असते.

परसात आसाराम म्हणाला, "रतन, बोचकं घे. बैल सोडत न्हाई."

रतनबाईने बोचकं घेतलं नाही. तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती सरळ बैठकीत गेली. परक्या माणसांपुढे, हाकिमापुढे, घरची सून! विठ्ठलरावांच्या हातातली बशी कलंडली. ती इस्टोपाशी बसली आणि तिने टाकीवरचा हवेचा स्क्रू सैल केला. ज्योत फस्सकन विझली.

"अगं ए!" सुग्रीव ओरडला. त्या घरात आल्यापासून त्याने बायकोला मारलेली ही पहिली हाक.

"मामंजी," खाली मान घालून पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "माज्या माहेरचा पाव्हना आलाय. त्येच्यासाटी च्या मलाच टाकावा लागंल." तिने हवा बंद केली, पंप मारला आणि काडी ओढली.

इस्टो पेटला. मघापेक्षा मोठ्याने घुमला, कारण तिने पंप बेताने मारला होता आणि विठ्ठलरावांना ते कधी जमलं नव्हतं.

तहसीलदारसाहेबांना घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते ज्योतीकडे बघून खूश झाले. "वाह! बहू के हाथ में तो और अच्छा जलता है!"

मग काय विचारता? हाकिमाच्या तोंडून आलेलं वाक्य. विठ्ठलराव लगेच म्हणाले, "जी हुजूर, हमारी बहू लई होशार हाय. लक्षुमी हाय." क्षणात त्यांची मान इतकी फिरली की मोडली कशी नाही याचं मला आश्चर्य वाटलं. केशरबाईंनी दाराआडून डोळे पुसले. आनंदाने म्हणे!

रतनबाईने चहाचा पेला नेऊन भावाच्या हातात दिला. "दादा, च्या घे अन् माघारी जा. मी येत न्हाई." आसारामने चहा घेतला. बैल सोडलेच नव्हते, त्यामुळे जायला वेळ लागला नाही.

पुढच्या खंडेनवमीला केशरबाई कुंकवाची वाटी घेऊन पुन्हा इस्टोकडे निघाल्या. रतनबाईने आधीच त्याच्या डोक्यावर एक पितळी फुलपात्र पालथं घातलं होतं. "आत्याबाई, त्येला टोपी घातलीय. हितं लावा," ती म्हणाली. केशरबाईंनी फुलपात्राला मनसोक्त कुंकू लावलं. मी त्या घरातल्या कुणाचंही कौतुक करत नाही, पण ते फुलपात्र मला मानावं लागलं.

बंकट आता मिशा फुटलेला बाप्या झाला आहे. करगोटा कित्येकदा बदलला, मणी तोच आहे. ताप आला की तो त्याला हात लावतो. त्या मण्यात राख आहे, वाळलेलं कुंकू आहे, बाभळीचा काटा आहे आणि माझी तार आहे. या सगळ्यांनी मिळून एक चांगला स्टोव्ह बंद पाडला होता आणि एका पोरीचा संसार मोडत आणला होता. तो त्याला रक्षण करणारा मणी म्हणतो. म्हणू दे. माझं टोक एवढ्या मानाने फिरतंय, पण मला त्याचा काडीइतका अभिमान नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी असेल ज्याला तुम्ही नमस्कार करता. हात जोडले की आपलं काम झालं असं माणसाला वाटतं आणि मग तो त्या वस्तूकडे बघायचं सोडतो. घरात नव्या आलेल्या माणसाचंही तसंच करतो. कृपा करून असं करू नका. आधी जवळ जा, निरखून बघा, भोक कुठे बुजलंय ते शोधा. फुलं मागाहून वाहा, आणि नाही वाहिली तरी चालेल.

मी ज्या पेटीत आहे ती रतनबाईची. नवी पिन आली तेव्हा तिने मला का टाकलं नाही, मला ठाऊक नाही. दर खंडेनवमीला ती मला बाहेर काढते, पदराने पुसते, उजेडाकडे धरून एकदा बघते आणि परत ठेवते. कुंकू लावत नाही.